तोच की तसाच?

(फोंडा महालातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

आपण बसलो आहोत तिथून घटकाभराच्या वाटेवर मंगेशी आहे, म्हार्दोळ आहे, कवळे आहे, रामनाथी आहे. या देवळांतले देव मूळचे अंत्रुजातले, म्हणजे या फोंडा महालातले, नव्हेत, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टीत देवळे पाडायला सुरुवात झाली, तेव्हा माणसांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून इकडे आणले. मंगेशाचे स्थलांतर १५६० सालचे सांगतात. अंत्रूज तेव्हा आदिलशाहीत होते. पोर्तुगिजांचा हात इथवर पोचत नव्हता.

या इतिहासात मी आज फार खोल शिरणार नाही. त्यातून निघणारा एकच प्रश्न हाती घेतो. कुशस्थळीचे देऊळ आणि प्रियोळचे, म्हणजे आजच्या मंगेशीचे, देऊळ, ही देवळे दोन की एक? जागा वेगळी, चिरे वेगळे, लाकूड वेगळे. आज दिसते ती वास्तू तर बरीच नंतरची. तरीही ‘देऊळ हलवले’ असे आपण म्हणतो. ‘एक देऊळ संपले, दुसरे सुरू झाले’ असे म्हणताना मी कुणाला ऐकलेले नाही. मग जे हलले ते नेमके काय होते?

आणखी एक पाहा. वेर्ण्यात म्हाळसेचे मूळ स्थान होते त्या जागेला आजही जुने म्हार्दोळ म्हणतात. देवीबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले. आणि गोव्याचे काय? पोर्तुगिजांच्या लेखी तेव्हाचा गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी. फोंडा त्यांच्या ताब्यात आला तो अठराव्या शतकात, नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलुखात. म्हणजे १५६० साली मंगेश गोव्याबाहेर गेला. आणि आजच्या नकाशावर बोट ठेवून बोलायचे, तर तो गोव्याबाहेर कधीच गेला नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत. भांडण मंगेशाबद्दल नाहीच, ‘गोवा’ ही कोणत्या प्रकारची वस्तू मानायची याबद्दल आहे. माझे आजचे सगळे बोलणे या एका जागेभोवती फिरणार आहे: ‘हे तेच का?’ असे विचारले की आधी ‘ते म्हणजे काय?’ याचे उत्तर द्यावे लागते. त्याशिवाय पहिल्या प्रश्नाला उत्तरच नसते.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण मराठीने आपले अर्धे काम करून ठेवले आहे. आपल्याकडे ‘तोच’ आणि ‘तसाच’ असे दोन शब्द आहेत. पणजीच्या बाजारात मासळीवालीला तुम्ही म्हणालात, ‘काल दिलेस तसे बांगडे दे’, तर ती टोपलीत हात घालील. ‘कालचेच बांगडे दे’ म्हणालात, तर ती तुमच्याकडे रागाने बघेल, आणि तिचे बरोबर असेल. तसेपणा पुष्कळांत असू शकतो. एकाच खाणीतले दोन चिरे तसेच असतात, एका टाकसाळीतली दोन नाणी तशीच असतात. तोपणा मात्र ज्याचा त्यालाच. कितीही सारखी असली तरी दोन नाणी मिळून एक नाणे होत नाही.

हे इतके साधे आहे की यात तत्त्वज्ञान कुठे आले, असे वाटेल. ते येते काळ मध्ये आला की. काल पाहिलेला माणूस आज दिसतो आणि आपण म्हणतो, ‘तो हा’. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा असे नाव दिले आणि तिचे जुने उदाहरण म्हणजे ‘तो हा देवदत्त’. तो म्हणजे काल काशीत पाहिलेला, हा म्हणजे आता समोर उभा असलेला. नैयायिकांचे म्हणणे: ज्या अर्थी अशी ओळख पटते, त्या अर्थी वस्तू टिकते. बौद्धांनी यावर जो आक्षेप घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. ते म्हणाले, कापलेली नखे पुन्हा वाढतात आणि आपण म्हणतो, ‘तीच नखे’. दिव्याची ज्योत रात्रभर जळते आणि आपण म्हणतो, ‘तीच ज्योत’. दोन्ही ठिकाणी जुने गेलेले असते आणि त्यासारखे नवे आलेले असते. म्हणजे ‘तसा’ला आपण ‘तो’ म्हणून बसतो. मग सगळीकडेच तसे होत नसेल कशावरून? जे आहे ते क्षणाक्षणाला नवे आहे, सलगता आपण जोडतो, हा त्यांचा क्षणभंगवाद.

नैयायिकांना आणि त्यांच्या जोडीच्या वैशेषिकांना हे पटले नाही, पण टिकाऊपणा मानायचा तर त्याची किंमत किती, हे त्यांनी कसून मोजले. कापडातून एक सूत ओढून काढले तर उरते ते तेच कापड का? त्यांचे काटेकोर उत्तर: नाही. कापड त्या त्या सुतांवर उभे होते. एक सूत गेले, ते कापड नष्ट झाले आणि उरलेल्या सुतांवर दुसरे, खंडपट, जन्मले. आणि कच्चे मडके आव्यात घातले, काळ्याचे लाल होऊन निघाले. ते तेच मडके का? इथे घरातच भांडण झाले. नैयायिक म्हणाले, अख्खे मडके तसेच राहून भाजते. वैशेषिक म्हणाले, आच लागताच मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणू भाजतात, त्यांचे नवे मडके जुळते. हे इतक्या लवकर होते की डोळ्याला कळत नाही. पहिला पिठरपाकवाद, दुसरा पीलुपाकवाद. विद्यार्थ्यांना हे शिकवताना वर्गात हसू पिकायचे. मला त्यात हसण्यासारखे काही कधी दिसले नाही. आपण एक तत्त्व धरले, तर त्याच्या टोकापर्यंत चालत जायचे, वाटेत ते गैरसोयीचे झाले म्हणून सोडायचे नाही, हे धैर्य आहे.

ग्रीकांचे जहाजही इथे आणायला हवे. थीसियस या पुराणातल्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपले होते. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलून झाल्या, तर जहाज तेच का? जुना ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की तत्त्वज्ञ यावर वाद घालत. १६५५ साली इंग्लंडचे तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज यांनी त्यात एक माणूस घुसवला: तो काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करत गेला आणि त्यांचे पुन्हा जहाज जुळवले. आता बंदरात दोन जहाजे. थीसियसचे कोणते?

माझे आजोळ काणकोणचे, तेव्हा मला जहाजापेक्षा रांपण जवळची. रांपण म्हणजे जाळ्याचे अनेक तुकडे एकमेकांना जोडून केलेले लांबलचक जाळे. होडीतून अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायची. फाटलेला तुकडा काढून दुसरा जोडतात. सुताच्या जागी पुढे नायलॉन आले. ओढणारे हात तर पिढीगणिक बदलले. मामांच्या तोंडी मात्र ‘आमची रांपण’ हा शब्द कधी अनेकवचनी झाला नाही. हॉब्ज यांचा माणूस काणकोणला आला असता आणि टाकलेल्या कुजक्या तुकड्यांचे जाळे विणून ‘तुमची रांपण ही माझ्याकडे आहे’ म्हणाला असता, तर त्याला किनाऱ्यावर कुणीही सांगितले असते की तुझ्याकडे आमच्या रांपणीचे सूत आहे, रांपण आमच्याकडे आहे. कारण रांपण हे सूत नव्हे. ती एक चालू असलेली गोष्ट आहे: वाटे, हक्क, कोणी कुठे उभे राहायचे, मासळी कशी वाटायची. तेच जहाज एखाद्या संग्रहालयाने मागितले असते, तर उत्तर उलटे आले असते. संग्रहालयाला ज्या फळ्यांवर थीसियस उभा राहिला त्या फळ्या हव्यात. वस्तू एकच, पण ‘जहाज म्हणून’ आणि ‘अवशेष म्हणून’ तिचा हिशेब निराळा.

नदीचेही असेच. नदी म्हणजे पाणी असे धरले, तर ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसची तक्रार खरी ठरते, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. मी पणजीत राहिलो, तिथे ही तक्रार मला कधी पूर्ण पटली नाही. मांडवीत दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीला समुद्रात गेलेल्या पाण्यातले थोडे भरतीला परत फिरते. म्हणजे पणजीच्या धक्क्यावर बसलेल्या माणसाला तेच पाणी दोनदा भेटू शकते, आणि तरी ते पाणी भेटले म्हणून नदी भेटली असे होत नाही. नदी हे पाण्याचे नाव नाही, वाहण्याचे नाव आहे. सत्तरीत तिला म्हादई म्हणतात, खाली मांडवी. लहानपणी मला या दोन नद्या वाटत. त्या एकच आहेत हे कळले तेव्हा मला खरोखर काही नवे कळले. ‘मांडवी म्हणजे मांडवी’ हे ऐकून काही कळले नसते. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी १८९२ साली हाच मुद्दा पहाटेच्या आणि संध्याकाळच्या चांदणीवर मांडला. दोन्ही शुक्रच, पण ते कळायला माणसाला आकाशाकडे फार दिवस बघावे लागले.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. बहिणीच्या लग्नात आजीच्या पाटल्या मोडून मोहनमाळ करायचे ठरले. आजी जाऊन तीन वर्षे झाली होती. सोनाराकडे मी, आई आणि बहीण गेलो. त्याने पाटल्या कसोटीवर घासल्या, कस पाहिला, वजन केले, मुशीत टाकल्या. पाटल्या वाकल्या, बसल्या, एक थेंब झाला. आई तोंड फिरवून रडली. बहिणीचा चेहरा फुलला होता. सोनाराच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्याच्या लेखी तितकेच तोळे होते, तितकेच राहिले.

पुष्कळ वर्षांनी जैन तार्किक समंतभद्र वाचताना मी थबकलो. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो, सोने हवे असणारा मध्यस्थ राहतो, आणि या तिन्ही भावनांना खरे कारण आहे. आमच्या दुकानातली तीन माणसे होती ती. समंतभद्रांना त्यातून दाखवायचे होते की एकाच वस्तूत नाश, उत्पत्ती आणि टिकणे एकाच वेळी असते. आईचे रडणे वेडेपणाचे नव्हते. काहीतरी खरोखरच संपले होते.

पण तर्काची अडचण इथेच उभी राहते. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यांचा एक नियम आहे, साधा आणि कठोर: दोन नावे एकाच वस्तूची असतील, तर एकीबद्दल जे खरे ते दुसरीबद्दल खरे असलेच पाहिजे. आता मोहनमाळ आणि तिच्यातले सोने घ्या. सोने आजीच्या हातात होते, मोहनमाळ नव्हती. म्हणजे मोहनमाळ आणि सोने या दोन वस्तू? बहिणीच्या गळ्यात एकाच जागी, एकाच वजनाच्या दोन वस्तू? विसाव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ पीटर गीच म्हणाले, ‘तेच’ हा शब्द एकटा उभाच राहत नाही. ‘तेच सोने’ म्हणता येते, ‘तोच दागिना’ म्हणता येते, नुसते ‘तेच’ अपुरे असते. त्यांच्याच देशातल्या डेव्हिड विगिन्स यांनी त्यातले अर्धे घेतले. वस्तू कोणत्या प्रकारची हे कळल्याशिवाय ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत नाही, हे मान्य. पण एकदा तोपणा ठरला की तो कुणाच्या नजरेवर बदलत नाही. मी तरुणपणी गीच यांच्या बाजूचा होतो. आता विगिन्स यांच्याकडे झुकलो आहे, आणि त्याची किंमत म्हणून एका जागी दोन वस्तू मानायलाही मी तयार आहे. ती आईच्या रडण्याला खोटे ठरवण्यापेक्षा कमी आहे.

सोन्यापाशी अजून थोडे थांबतो. सोनाराने कसोटीवर घासले ते कशासाठी? पिवळे तर पितळही असते. कसोटीचा दगड विचारतो ते आतले. १९७० साली प्रिन्स्टनमध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी तीन व्याख्याने दिली, समोर लिहिलेला मजकूर नसताना. त्यातला एक विचार असा: सोने म्हणजे ‘पिवळा, जड, चकाकणारा धातू’ ही सोन्याची व्याख्या नव्हे, ती ओळखायची खूण आहे. सोने म्हणजे ज्याच्या अणूत ७९ प्रोटॉन आहेत ते मूलद्रव्य. हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले, पण जे कळले ते नेहमीच खरे होते. उद्या असे निघाले की पिवळेपणा हा डोळ्याचा भ्रम होता, तरी सोने सोनेच राहील. आणि अगदी सोन्यासारखे दिसणारे, पण ७९ नसलेले काही मिळाले, तर ते सोने नव्हे. असे प्रकार जगात आहेत, आपण ते सापडवतो. सोने, पाणी, मीठ. कुणी नाव ठेवले नसते तरी ते तसेच असते.

सगळे प्रकार असे आहेत का? हा प्रश्न आपल्याकडे जातीच्या, म्हणजे अनेक वस्तूंत एकच असणाऱ्या सामान्याच्या, चर्चेत हजार वर्षांपूर्वीच आला. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी सांगितले की दहा वस्तूंना एक शब्द लावला म्हणून त्यांच्यात खरी जाती असतेच असे नाही. आणि खरी जाती कधी मानू नये याच्या सहा बाधा त्यांनी दिल्या. सहाही सांगत बसत नाही, तीन पुरेत. व्यक्ती एकच असेल तर जाती नाही: आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. नुसते शब्द दोन असतील तर जाती दोन नाहीत: घट आणि कलश यांच्यात तेच ते मोजले जाते. तिसरी बाधा संकराची, ती सर्वांत खोल. पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश ही भूते. पृथ्वी, जल, तेज, वायू, मन ही मूर्त द्रव्ये. दोन्ही याद्यांत चार समान, पण एकीत आकाश जास्त, दुसरीत मन. दोन वर्ग असे एकमेकांत अर्धे शिरत असतील, तर ते खऱ्या जाती नव्हेत. आपण सोयीने मारलेल्या रेघा आहेत.

या चाळणीतून आपल्या परसातले काही काढू या. काजू घ्या. बोंडूला आपण फळ म्हणतो, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो, तो फुगलेला देठ. फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. कोण चुकले? माझ्या मते कुणीच नाही. स्वयंपाकघराचे ‘फळ’ आणि वनस्पतिशास्त्राचे ‘फळ’ या दोन याद्या आहेत आणि त्या एकमेकींत अर्ध्या शिरतात. किमान एक रेघ आपली आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते मानकुराद आंब्याबद्दल. मानकुरादची कोय पेरली तर उगवणारे झाड मानकुराद असेल याची खात्री नाही. म्हणून कलम करतात. रायवळ खुंटावर मानकुरादची काडी बांधतात, ती जीव धरते, वाढते, तिची काडी पुढच्या खुंटावर जाते. म्हणजे तुमच्या अंगणातला मानकुराद आणि माझ्या अंगणातला मानकुराद ही कुणा एका जुन्या झाडाची लांबत गेलेली अंगे आहेत. आता उदयनाचार्यांची पहिली बाधा आठवा. सगळे मानकुराद मिळून जर एकच पसरलेली व्यक्ती असेल, तर मानकुरादत्व ही जाती उरतच नाही! तुम्ही म्हणाल, एक झाड वाळले तरी दुसरे राहते, मग व्यक्ती अनेकच. मलाही तसेच वाटते. पण मानकुराद हा सोन्यासारखा प्रकार नाही, हे मात्र पक्के. सोने कुठेही, कशातूनही, कुठल्या ताऱ्यातही तयार झाले तरी सोनेच. मानकुराद मात्र मानकुरादपासूनच यावा लागतो. कुणी दुसऱ्या खंडात अगदी अशाच चवीचा, अशाच सालीचा आंबा योगायोगाने उगवला, तर तो तसाच असेल, तो नसेल.

१९७४ साली मायकल गिसलिन या जीवशास्त्रज्ञाने सगळ्या सजीव जातींबद्दल हेच म्हटले. वाघ हा सोन्यासारखा प्रकार नाही. वाघ म्हणजे काळात लांबलेली एक वंशरेषा, जिला सुरुवात आहे आणि शेवट असू शकतो. एखादा वाघ त्या रेषेचा नमुना नसतो, तिचा भाग असतो. पुष्कळांना हे पटले नाही, वाद अजून चालू आहे. मला मात्र त्यातून दोन तऱ्हेचे तेच-पण दिसू लागले: एक आतल्या घडणीवर उभे, दुसरे हातोहात पुढे जाण्यावर. देऊळ दुसऱ्या तऱ्हेचे आहे. आपल्या पूर्वजांनी नदीपार नेले ते चिरे नव्हते. त्यांनी काडी नेली. जीर्णोद्धारात मूर्ती बदलायची वेळ आली तर देवाचे तत्त्व मंत्रांनी कलशात घेतात, नव्या मूर्तीत स्थापतात. तो विधी म्हणजे कलमच आहे. खुंट अंत्रुजाचा, फांदी कुशस्थळीची.

इथे मला गंभीरपणे एक गोष्ट बोलायची आहे. मी मघापासून ‘जाती’ म्हणतो आहे आणि तुमच्या मनात दुसरी जात येत असणार. शब्द एकच आहे आणि हा अपघात नाही. कुमारिल भट्टांसारख्या मोठ्या मीमांसकाने ब्राह्मणत्व ही खरीखुरी जाती आहे असे मांडले. बौद्ध आणि जैन तार्किकांनी त्याला उत्तर दिले: गाय आणि घोडा समोर आणले तर भेद डोळ्याला दिसतो, दोन माणसे शेजारी उभी केली तर कुळ सांगितल्याशिवाय कळत नाही, मग ही कसली जाती? मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. वंशरेषा असते, ती खरी असते. पण ती सोने नव्हे. तिच्यात ७९ सारखा आतला आकडा नसतो, कस नसतो, आणि म्हणून कसोटीही लावता येत नाही. हातोहात आलेल्या गोष्टीला आत घडलेली गोष्ट समजणे, या एका चुकीवर आपल्या समाजाने कुणी कुठवर यायचे, कुणी काय शिवायचे हे शतकानुशतके ठरवले. ही तत्त्वज्ञानातली किरकोळ चूक नव्हे. तिच्याखाली माणसे चिरडली.

आणि माणसांच्या प्रकारात आणखी एक आहे, जे सोन्यात नाही. सोन्याला आपले नाव ऐकू येत नाही. माणसाला येते. गोव्याच्या देवळांशी बांधल्या गेलेल्या एका समाजाने विसाव्या शतकात इतरांनी दिलेली नावे टाकली आणि गोमंतक मराठा समाज हे नाव स्वतः घेतले. नाव बदलताना त्यांनी फक्त पाटी बदलली नाही. मुली शाळेत गेल्या, घरे बदलली, जगणे बदलले. प्रकारानेच आपली व्याख्या पुन्हा लिहिली. हे कुठल्याही धातूला जमणारे नाही.

भाषेबद्दल गोव्यात जपून बोलावे लागते, तरी टाळणे बरे नव्हे. कोंकणी ही भाषा की बोली, यावर आपण अर्धे शतक एकमेकांची मने दुखावली. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. दोन्ही बाजूंची माणसे कसोटीचा दगड घेऊन फिरत होती. जणू भाषेच्या पोटात कुठेतरी एक आकडा आहे आणि तो वाचला की निकाल लागेल. भाषा हीदेखील कलमाने चालणारी गोष्ट आहे. शेजारच्या दोन गावांच्या बोलण्यात रेघ सापडत नाही आणि दूरच्या दोन टोकांचे बोलणे एक नसते. मी आईशी कोंकणीत बोललो आणि आयुष्यभर मराठीत लिहिले. एकीने दुसरीला कमी केले असे मला एकदाही जाणवले नाही. कोंकणी बोलणारे तिला आपली भाषा म्हणून जोपासतात, पुढे देतात. त्या प्रकारच्या वस्तूचे तेच-पण याहून वेगळ्या कशावर उभे राहणार?

माणूस जन्मापासून मरेपर्यंत तोच कसा, हा प्रश्न मी आज सोडून देतो. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यांच्यापासून त्यावर इतके लिहिले गेले आहे की त्याला दुसरी संध्याकाळ लागेल.

प्रश्नोत्तरांआधी कुंकळ्ळीचे सांगतो. तिथली शांतादुर्गाही सोळाव्या शतकात फातर्प्याला गेली. चारशे वर्षांहून अधिक काळ ती फातर्प्यात आहे, आणि तिचे नाव अजून कुंकळ्ळीकरीण. दरवर्षी फाल्गुनात ती छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते. छत्र्या बारा, गावच्या बारा वांगडांच्या. वांगड म्हणजे मूळ गावकऱ्यांचे कूळ. या वांगडांतली कित्येक घराणी कधीची ख्रिस्ती झाली. गुलालात मात्र दोन्ही धर्मांची माणसे न्हालेली असतात. काही वर्षांपूर्वी मी त्या गर्दीत रस्त्याकडेला उभा होतो. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, गळ्यात क्रूस, खांदे गुलालाने लाल. मी त्यांना विचारले, तुम्ही कोणत्या वांगडाचे? ढोलांच्या आवाजात त्यांना शब्द ऐकू गेले की नाही कोण जाणे, पण प्रश्न कळला असावा. त्यांनी हात वर केला आणि पुढून चाललेल्या एका छत्रीकडे बोट दाखवले.